काचेला शिकवलेलं कीर्तन

त्र्यंबकबुवा आठल्यांची एक जुनी खोड होती. कीर्तनाला उभं राहायच्या तासभर आधी ते रिकाम्या सभामंडपात यायचे, गाभाऱ्यातल्या केशवाला हात जोडायचे, मग वळून समोरच्या टोकाकडे बघत एकच हाक टाकायचे, "केशवा". आणि कान देऊन थांबायचे. हाक परत आली की ती किती ओली, किती कोरडी, यावरून त्यांना कळायचं, आज पट्टी कुठली घ्यायची आणि शब्द किती रेटायचा. गवई तंबोरा लावतो, बुवा देऊळ लावून घ्यायचे. पन्नास वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

मार्गशीर्षातल्या सप्ताहाच्या पहिल्या दिवशी हाक गेली, ती परत आलीच नाही.

बुवा थांबले. उपरणं सावरलं. दुसऱ्यांदा हाक टाकली. मंडपाच्या कडेला त्यांची मुलगी ऋजुता हारातली चुरगळलेली फुलं वेचून बाजूला काढत बसली होती. बुवांपासून पंधरा-वीस पावलांवर असेल. तिला बाबांचे ओठ उघडलेले दिसले, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या दिसल्या, आणि ऐकू मात्र काहीच आलं नाही.

"ऋजू," जवळ येऊन बुवा म्हणाले, "माझा आवाज बसलाय का गं?"

"थोडासा," ऋजुता म्हणाली. "थंडी पडलीय ना. ज्येष्ठमध ठेवा तोंडात."

पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ती बाबांशी फार थोड्या वेळा खोटं बोलली होती. बुवांनी मुकाट्याने ज्येष्ठमधाची कांडी गालात धरली.

पाच वाजता मंडळी जमली. मंडळी म्हणजे अकरा माणसं. पिंपळखेडी हे पूर्वी पुण्याबाहेरचं गाव होतं. आता ते चाळीस-चाळीस मजली काचेच्या इमारतींच्या पायाशी राहिलेलं एक देऊळ आणि एक गल्ली एवढंच होतं. पण ही अकरा माणसं पक्की. त्यांत गल्लीच्या तोंडाशी गजरे विकणाऱ्या शेवंताबाई, आणि बुवांच्या मागे तीस वर्षं पेटीला बसणारे दातीरकाका. बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, पेटी बोलली. बुवांनी तोंड उघडलं आणि सभेला दिसलं ते एका म्हाताऱ्या माणसाचं नुसतं हलणारं तोंड.

शेवंताबाईंनी कानामागे हात धरला. कुणीतरी पुढे सरकलं. ते पाहून बुवांनी आवाज चढवला, मग आणखी चढवला. पूर्वरंग संपायच्या आत त्यांना ठसका लागला. उपरण्याच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं आणि ते टोक घाईने मुठीत दाबलं. ऋजुताने तरी पाहिलंच. तांबडा ठिपका होता, कुंकवाएवढा.

"व्हय ओ बुवा," शेवंताबाई नंतर पाया पडताना म्हणाल्या, "आज देवाशीच बोलत हुता जनू. आमच्यापतुर काय आलं नाही."

"वय झालं, शेवंताबाई," बुवा म्हणाले. "कंठ गेला."

ऋजुता बाजूलाच उभी होती. कंठ गेला नव्हता. आवाज कुठे जात होता ते तिला माहीत होतं.

---

ही काच आधी समजून घेतली पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं चमत्कार वाटेल, आणि यात चमत्कार एकही नाही.

इमारतींना काचेच्या भिंती आल्या तेव्हा लोकांना उन्हाची काळजी होती. आवाजाची कुणी केली नव्हती. पण काच कठीण. तिच्यावर आपटलेला आवाज ती शोषत नाही, समोरच्या काचेकडे टोलवते. ती काच परत इकडे टोलवते. दोन काचेच्या कड्यांमधल्या रस्त्यावर एक गाडी वाजली की दहा वाजल्यासारख्या वाटायच्या. माणसं बहिरी व्हायला लागली, रक्तदाबाच्या गोळ्या खायला लागली. तेव्हा ऋजुताच्या कंपनीने शांतकाच काढली.

दोन काचांच्या मधे केसाहून पातळ, डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा. त्याला आवाजाचा धक्का बसला की त्यातून वीज निघते. उलट त्याला वीज दिली की तो थरथरतो. म्हणजे तोच कान आणि तोच कंठ. आवाज ही हवेतली लाट. तिच्या चढाला कुणी बरोबर तेवढाच उतार दिला आणि उताराला चढ, तर पाणी सपाट होतं. काच एवढंच करते. आवाज पायी चालतो, सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. वीज त्याच्या कितीतरी पुढे धावते. वऱ्हाड वेशीत येण्याआधी सांगावा पोचावा, तसं पहिल्या काचेने ऐकलेलं शेवटच्या काचेला आवाज पोचण्याआधीच कळलेलं असतं. ती उलटी लाट घेऊन दारात उभीच.

मात्र यात एक मेख आहे. गाडीचं इंजिन घटकाभर एकसुरी चालतं, ते काचेला चटकन कळतं. माणसाचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो. तो मिटवायचा किंवा जपायचा, तर पुढच्या क्षणी तो कुठे वळेल याचा अंदाज हवा. त्यासाठी काचेला शिकवावं लागतं. एक काच शिकली की तारेतून सगळ्या काचा शिकतात.

शिकवायला असा माणूस हवा होता ज्याच्या एका गळ्यात सगळं आहे. बोलणं, गाणं, कुजबुज, राजाची गर्जना, सासूचा टोमणा, लेकराचं मुसमुसणं. ऋजुता त्याच खात्यात होती. तिने आपल्या बाबांचं नाव सुचवलं. कीर्तनकाराइतका भरलेला गळा दुसरा कुणाचा असणार?

बुवा सहा आठवडे रोज अंघोळ करून, अंगरखा-उपरणं घालून कारखान्यात गेले. जाड गाद्या लावलेल्या एका खोलीत एकच काच उभी होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि तिच्यासमोर पन्नास वर्षांचं सगळं रितं केलं. पदं, आख्यानं, हशा पिकवणाऱ्या नकला, विसरत चाललेल्या चाली. कागदावर लिहून दिलं होतं की हा आवाज जपायच्या, म्हणजे न मिटवायच्या, यादीत राहील. "ऋजू," ते घरी येऊन सांगायचे, "श्रोता असावा तर असा. जांभई देत नाही, उठून जात नाही, बायको बोलावते म्हणून सांगत नाही."

तीन वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीतल्या रहिवाशांनी देवळाच्या उघड्या मंडपाला तीन बाजूंनी हीच काच बसवून दिली. कबुतरं गेली, धूळ गेली, रस्ता मुका झाला. आणि त्या शांततेत बुवांचा आवाज असा लागायचा की मागच्या ओळीतल्या म्हातारीला त्यांचा श्वासही कळायचा. त्या तीन वर्षांत ऋजुताने मनोमन केशवाचे किती आभार मानले असतील त्याला गणती नाही.

पण एकाचा आवाज जपला की दुसऱ्याने काय पाप केलं? कुणी आपली घंटा यादीत घाला म्हणालं, कुणी अजान, कुणी ढोलपथक, कुणी नेत्याचं भाषण. यादी चार हजारांवर गेली आणि शहर पुन्हा किंचाळायला लागलं. शेवटी ठरलं, कुणाचंच नको. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि तान्ह्या मुलाचं रडणं, एवढंच जपायचं. सप्ताहाच्या आदल्या रात्री हा नियम लागू झाला. ठरवणाऱ्या समितीत सात जण होते. ऋजुता त्यांतली एक. नियम न्यायाचा होता, तिने हात वर केला होता. बाबांचा आवाज इतरांसारखा होईल, थोडा दबेल, इतकंच तिच्या डोक्यात आलं होतं. ओळखीचा आवाज काच सगळ्यांत चांगला जपते, तर सगळ्यांत चांगला मिटवेलही, ही साधी गोष्ट हात वर करताना तिला, त्या खात्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईला, सुचली नाही.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिच्या वरिष्ठ, शेर्लेकर मॅडम, यांच्यासमोर जाऊन बसली.

"विसरायला लाव तिला," ऋजुता म्हणाली. दोघी एकाच वर्षी लागलेल्या, त्यामुळे एकेरीत बोलायच्या.

"काय विसरायला?"

"बाबांना."

शेर्लेकरांनी चष्मा काढला. "ऋजुता, तू मला शिकवलंस हे. दुधात साखर विरघळल्यावर तेवढी साखर बाहेर काढा म्हटलं तर कशी काढणार? माणसाचा आवाज म्हणजे काय हेच ती तुझ्या बाबांकडून शिकलीय. आपण दोघी आत्ता बोलतोय तेही ती त्यांच्यावरूनच ओळखते."

"मग फक्त त्या देवळात चिन्ह बदल. वजाचं अधिक कर. सात दिवसांसाठी."

"आणि उद्या पलीकडच्या दर्ग्याचे लोक आले तर? परवा शाळेचं गॅदरिंग?" त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नियम चुकीचा आहे का? तू सांग. तू म्हणालीस चुकीचा आहे, तर मी खुर्ची पणाला लावून बदलते."

ऋजुताला तसं म्हणता आलं नाही. देवाच्या दारात वाढलेली पोर ती. दुसऱ्याचा देव मुका करून आपला बोलका ठेवायचा, हे तिच्या जिभेवर येईना.

"बुवांना सांगितलंस का?" शेर्लेकरांनी विचारलं.

"नाही."

"सांग. घसा फाडून घेतील ते."

---

तिने दुपारी सांगितलं. वरणभाताचं ताट पुढे होतं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं, शेवटचा घास खाल्ला, ताटाला हात लावून नमस्कार केला.

"म्हणजे माझा कंठ शाबूत आहे."

"हो."

"आणि काल तू ज्येष्ठमध खायला घातलास."

ऋजुताने मान खाली घातली.

"बरं झालं. कफ तरी सुटला." ते हसले. मग म्हणाले, "चेला गुरूच्या वरताण निघाला म्हणायचा. सहा आठवड्यांत सगळं गिळलं गं त्याने. मी गुरुजींकडे बारा वर्षं पाणी भरलं."

"बाबा, मी त्या समितीत हात वर केला होता."

"कळलं ते. दोनदा सांगू नकोस." त्यांनी खरकटा हात धुतला. "देवापुढे मागणं मागताना आपण कुठे सगळा विचार करतो."

दातीरकाका ऐकून भडकले. त्यांचा पहिला उपाय नारळाचा होता. "एक नारळ पुरे. देवळात नारळ फोडायला कुणाची परवानगी लागते?"

"एक फुटली तर शेजारच्या सात मिळून तिचं काम करतात, काका," ऋजुता म्हणाली.

"सात नारळ आणू."

"आणि इथून बाहेर पडलात की पुढच्या चौकात पुन्हा तीच काच. कुठवर फोडणार?"

त्यांचा दुसरा उपाय बरा होता. बुवांच्या गळ्याशी छोटा माइक लावायचा आणि श्रोत्यांनी कानांत बोंडं घालायची. दुसऱ्या दिवसाचं कीर्तन तसं झालं. ऐकू सगळं आलं. पण बुवांनी विनोद केला तेव्हा अकरा माणसं आपापल्या कानात एकेकटी हसली. शेजारचा हसला की नाही हे बघायला एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. नामघोष उचलला तर कुणी पुढे, कुणी मागे. बुवा मध्येच थांबले आणि त्यांनी गळ्यातला माइक काढून पेटीवर ठेवला.

"असं ऐकायचं तर घरीच ऐका," ते जवळ येऊन म्हणाले. "मला इथं बाहुला करून उभं कशाला करता? कीर्तनाला माणूस मांडीला मांडी लावून बसतो तो काय सतरंजी अपुरी असते म्हणून?"

घरी जाताना त्यांनी ऋजुताला विचारलं, "जे मी तिला शिकवलंच नाही, ते तिला येईल का?"

ऋजुता चालता चालता थांबली. "लगेच नाही यायचं."

"मग झालं तर."

---

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी सत्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने नवं आख्यान रचलं. कुठल्या पोथीत नसलेलं, कुणाच्या तोंडून न ऐकलेलं. एक कोष्टीण होती. तिने देवासाठी शेला विणायला घेतला. दिवसा विणायची, आणि पहाटेपर्यंत उंदीर कुरतडून ठेवायचे. कोष्टीण रोज देवळात जाऊन देवाशी भांडायची. चालही नवी केली, मधेच एखादा शब्द गिळून टाकणारी, बुवांच्या आजवरच्या ढंगाला न शोभणारी.

तिसऱ्या दिवशी बुवा उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाज आला. थोडा दबका, जरा चिरकलेला, पण आला. शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. कोष्टीण देवाला म्हणाली, "चार हात आहेत ना तुला, एकाने तरी उंदराची शेपटी धर की," आणि अकरा माणसं एकदम हसली, तो हशा मंडपात खळाळला. वीस मिनिटं. ऋजुता घड्याळाकडे बघत होती, कारण ते तिचं कामच होतं आणि शापही. विसाव्या मिनिटाला कोष्टीण कुरतडलेला शेला घेऊन देवापुढे उभी राहिली, "आणि मग ती देवाला म्हणाली—" आणि बुवांचा आवाज कात्रीने कापावा तसा गेला. ओठ हलत राहिले. कोष्टीण काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

चौथ्या दिवशी बुवांनी पट्टी बदलली, खालच्या सुरात सांगितलं, मधे मधे मुद्दाम खोकले. नऊ मिनिटं मिळाली.

पाचव्या दिवशी तर ते अडखळत बोलले. ज्या माणसाची जीभ आयुष्यात अडली नाही तो तोतऱ्यासारखा एकेक शब्द तोडून टाकत होता. दोन मिनिटं. काच आता त्यांचे शब्द शिकत नव्हती. बुवा नवं कसं करतात, तेच शिकली होती. ऋजुताच्या डोक्यात हे आलं तेव्हा खाली मान घालून ती झांजेची दोरी उगीच सोडू-बांधू लागली.

"कोष्टीण काय म्हनली ते तरी सांगा की," शेवंताबाई काकुळतीला आल्या होत्या. "तीन दिस झालं, डोक्यातनं जात न्हाई."

"जवळ या, कानात सांगतो."

"मला एकलीला नगं. समद्यांला सांगा."

---

सहाव्या दिवशी ऋजुता बाबांच्या शेजारी उभी राहिली. "तुम्ही माझ्या कानात बोला," ती म्हणाली, "मी मोठ्याने सांगते. माझा आवाज तिला माहीत नाही."

"तुला सूर तरी लागतो का?" दातीरकाका म्हणाले.

"नाही लागत. तुम्ही माझ्या मागून या."

हातभर अंतरावरचं बोलणं काच अडवू शकत नाही, कारण तिची उलटी लाट तिथे पोचायच्या आत शब्द कानात शिरलेला असतो. बुवा कानात सांगत गेले, ऋजुता बोलत गेली. आवाज सपाट, ऑफिसात माहिती वाचून दाखवावी तसा. पद म्हणताना ती तीनदा घसरली आणि दातीरकाकांची पेटी तिच्या मागून चिखलातून चालल्यासारखी धडपडत गेली. पण गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली. कोष्टीण देवाला म्हणाली, "हाच शेला घे. नवा विणेपर्यंत तू काय उघडा राहणार? भोकं माझी, ऊब माझी. थंडी वाजली तर मला हाक मार."

दीड तास झाला. शेवंताबाई रडल्या, नाक पुसलं, पुन्हा रडल्या. मुलीच्या कपाळाला बुक्का लावताना बुवांचा अंगठा तिथे जरा जास्त वेळ टेकला.

सातव्या दिवशी सकाळी ऋजुता दूध घेऊन परत येत होती. रस्त्यापलीकडे बुवा फुलांची परडी घेऊन देवळाकडे निघाले होते आणि खाली बघत रस्त्यात उतरले. डावीकडून एक विजेची गाडी येत होती, आवाज नसलेली. ऋजुता ओरडली. तिच्या घशाला कळलं की ती ओरडली. चार पावलांवरून जाणाऱ्या माणसाने मानही वळवली नाही. गाडीने स्वतःच ब्रेक लावला, बुवांच्या धोतराशी येऊन थांबली. बुवा दचकून वळले आणि त्यांना रस्त्यापलीकडे आपली मुलगी दिसली, तोंड आ वासलेलं, दुधाची पिशवी हातातून पडलेली, आणि तिच्यातून काहीच बाहेर येत नव्हतं.

ते रस्ता ओलांडून अगदी तिच्याजवळ आले.

"काल?" त्यांनी विचारलं.

"आता ती पटकन शिकते, बाबा. दीड तास पुष्कळ झाला."

"तुला माहीत होतं."

"हो."

"सगळीकडे?"

"जिथे ही काच आहे तिथे. मोठ्याने बोललेलं कुणाला ऐकू जायचं नाही. एवढंच."

बुवा खाली वाकले, पिशवी उचलली. फाटली होती, दूध त्यांच्या धोतरावर ओघळलं. ती फाटकी पिशवी धरून ते तसेच उभे राहिले.

---

संध्याकाळी मंडळी वेळेआधी आली होती. त्यांना सगळं कळलं होतं. गल्ली छोटी, बातमीला पाय लागत नाहीत. शेवंताबाई पदर खोचून पुढे आल्या.

"आज मी उभी ऱ्हाते. सांगा कानात."

"आणि उद्या गजरे कसे विकाल?" बुवांनी विचारलं.

"खुनेनं. फुलाला काय बोलावं लागतंय? वास येतोय की."

"तुमची हाक ऐकून लोक तिसऱ्या मजल्यावरून परडी सोडतात, शेवंताबाई. वास तिथवर जात नाही."

"मग मी उभा राहतो," दातीरकाका म्हणाले. "माझं तसंही घरात कुणी ऐकत नाही."

एरवी यावर हशा झाला असता. बुवांनी अकरा जणांवरून नजर फिरवली. "आज शेवंताबाई. पुढच्या वर्षी दातीर. मग जोशीण, मग तो मागे बसलाय तो. एकेक करून सगळ्यांचे गळे त्या भिंतीत चिणायचे? आणि बाराव्या वर्षी?"

"बसा सगळे. सेवा माझी आहे."

मग ते उभे राहिले, एकटे. ऋजुता झांज घेऊन त्यांच्या उजव्या हाताशी बसली, हातभर अंतरावर. त्यांनी पूर्वरंग केला. नमन, निरूपण, दाखले, सगळं. कुठेही घाई नाही, कुठेही चोरटेपणा नाही, आवाज बदलण्याची धडपड नाही. पन्नास वर्षं जसं करत आले तसंच, आपल्या खऱ्या आवाजात, जो काचेला श्वासासकट पाठ होता. ऋजुताला सगळं ऐकू येत होतं. तिने इतकं सुंदर कीर्तन त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकणारी ती एकटी होती. समोर अकरा माणसं डोळे लावून बसली होती. बुवा हसले की ती सगळी हसत होती. त्यांचा हात वर गेला की ती टाळी धरत होती. पेटी आणि झांज वाजत होती, भोवती ओसाड जागा ठेवून, जसं काही जेवणाच्या पंगतीत मधलं एक पान मांडून ठेवलंय आणि माणूस आलेला नाही.

कीर्तनाच्या शेवटी रिवाज असा की कीर्तनकार सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो. तो उभ्या सभेचा वकील. मागणं झालं की सभा हात वर करून जयघोष करते, म्हणजे त्याच्या मागण्याला आपली संमती देते. इतके जण मिळून म्हणतात म्हटल्यावर देवाला टाळता येत नाही, अशी श्रद्धा आहे.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. गाभाऱ्याकडे वळले. सभा उभी राहिली. ऋजुताही उठली, त्यांच्या खांद्याशी.

"केशवा," बुवा म्हणाले, "आजवर तुझ्यापाशी दर वेळी हेच मागितलं की पुन्हा जन्म दे, पुन्हा हाच कंठ दे, पुन्हा तुझ्या दारात उभा कर." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "ते सगळं मागे घेतो. जन्म दिलास तर मुका दे. माझ्या लेकीला माझ्या पोटी घालू नकोस. आणि कीर्तन कुणाला शिकवू नकोस."

त्यांनी हात जोडले, मान खाली घातली. ओठ मिटले.

मागे उभ्या अकरा जणांना जोडलेले हात आणि वाकलेली मान तेवढी दिसली. बुवांचं मागणं झालं. काय मागितलं ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. बुवा काय मागतात हे त्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं, आणि ते चांगलंच असायचं. शेवंताबाईंनी दोन्ही हात वर केले. दातीरकाकांनी पेटीवरून हात उचलले.

"नको," ऋजुता ओरडली. सभेकडे वळून, दोन्ही हात पसरून, घशाची शीर न् शीर ताणून ओरडली, "नको म्हणा, बाबा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाही, नको म्हणा."

तिचं तोंड उघडलेलं बघून त्यांना वाटलं, तीच पुढाकार घेतेय. त्यांनी डोळे मिटले आणि काचेला अजून न शिकवलेल्या आपल्या फाटक्या, ओबडधोबड आवाजांत, बुवांना आज ऐकू आलं पाहिजे म्हणून होता नव्हता तेवढा जोर लावून जयघोष केला. एकदा केला. मग, बुवांनी मान वर केली नाही म्हणून, पुन्हा केला.